संतोषचा शेवटचा साचा

संतोष गेला, आणि त्याच्या खोलीतला शेवटचा साचा कशाचा होता हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

आज वर्ष झालं.

दौलताबाद रोडवर बाइकचा अपघात. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

संतोष वाळूजला कंपनीत होता. सुट्टीला पडेगावच्या भाड्याच्या खोलीत प्लास्टिकचे मुखवटे, चिलखतं, हेल्मेट बनवायचा. निव्वळ हौस. आमच्या नाटकाच्या ग्रुपचं सगळं सामान त्याचंच. मी कपडेपट बघते, म्हणून मदतीला मला बोलवायचा.

मशीन घरीच केलेलं. वर बारीक भोकं पाडलेला लाकडी खोका, त्याला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप. खोक्यावर साचा ठेवायचा. प्लास्टिकची शीट फ्रेममध्ये आवळून हीटरवर तापवायची. ती आधी लाटांसारखी हलते, मग ताणते, मग मधोमध झोळीसारखी लोंबते. लोंबली की साच्यावर दाबायची आणि क्लीनर चालू. गार झाली की साच्याचाच आकार.

मी एकदा म्हटलं, केवढ्या जोरात खेचतं रे हे.

"खेचत नाय गं. आपण फक्त आतली हवा काढतो. दाबती ती भायेरची हवा."

मला ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

तेराव्यानंतर त्याचे आईवडील खोली रिकामी करायला लासूर स्टेशनकडून आले. त्याचे वडील, काका, मेंढ्या राखतात. यातलं त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून मला बोलावलं.

त्याच्या आईला, मावशींना, वाटायचं, पोरगा सुट्टीत क्लीनर दुरुस्त करतो. गावात त्यांनी तसंच सांगितलं होतं.

खोक्यावर प्लास्टरचा साचा तसाच होता. एका बाजूला फुगीर, दुसरीकडं निमुळता, मधे खोलगट. नुकताच घासून गुळगुळीत केलेला.

मावशींनी विचारलं, हे काय करत होता?

मी साचा सगळीकडून न्याहाळला. खांद्याचं चिलखत? कासवाची पाठ? तेव्हा आमचं नाटकच चालू नव्हतं. ग्रुपवर फोटो टाकला. प्रत्येकानं वेगळंच काही सांगितलं.

मग मावशी म्हणाल्या, तुला येत असंल तर करून दाखव.

मी आजवर फक्त फ्रेम धरली होती. पहिली शीट घाईत उतरवली, तिला सुरकुत्या पडल्या. दुसरीला फ्रेमच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मावशी. मी हीटरकडे बघत थांबले. शीट लोंबली तसं म्हटलं, आता. दोघांनी एकदम खाली दाबली. मी क्लीनर चालू केला.

क्षणात आकार आला. पांढरा, स्वच्छ, एकही सुरकुती नाही.

साच्यावरून काढून खिडकीपाशी नेला. उलटा केला, सुलटा केला. काका म्हणाले, बसलेल्या मेंढीची पाठ दिसती. मावशी म्हणाल्या, नाय, मेंढी अशी नसती.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बराबर आलंय का पोरी?"

कशाचं आहे हेच माहीत नाही, तर बरोबर की चूक कसं सांगायचं?

"व्हय मावशी," मी म्हटलं. "बरोबर आलंय."

त्यांनी ते पदरात गुंडाळलं आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसल्या. त्या वेळी मला काय वाटलं ते मला आजही धड सांगता येत नाही. आनंद नव्हता. नुसतं दुःखही नव्हतं.

वर्षभर शोधलं. त्याच्या मोबाइलमधले फोटो बघितले, कंपनीतल्या मित्रांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. कदाचित त्याचंही अजून ठरलं नसेल.

आज वर्षश्राद्धाला गावी आलेय. संतोषच्या फोटोशेजारी मावशींनी ते पांढरं प्लास्टिक पुसून ठेवलंय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे काय आहे?

मावशी सांगतात, "आमच्या संतोषनं केलंय."

एवढंच सांगतात. पाहुणे हात जोडतात.

मीही जोडले.

संतोष, मित्रा, तुला आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.