सायकसचे हळदीकुंकू

जठारपेठेतले ड्रॉइंग मास्तर चिंतामणराव शाळेत मोजकेच बोलत. अंगणातल्या, छोट्या माडासारख्या दिसणाऱ्या सायकसांपाशी मात्र त्यांना शब्द आवरत नसत. दुर्मिळ जातीची चार झाडे त्यांनी वाढवली होती. पानांचा नवा तुरा फुटला की घरात शिरा होई.

सायकसात नर आणि मादी ही झाडेच वेगळी. एकोणीसशे चौतीसच्या चैत्रात, एकोणीस वर्षांची झालेली मादी पहिल्यांदाच मोहरली. दोन-चार दिवसांत पराग मिळाला तरच बी धरणार होते. पुन्हा केव्हा मोहरेल, कोण सांगणार! फुललेला नर होता अमरावतीला, एका पेन्शनर इंजिनिअरांच्या बागेत. मास्तरांनी रजा टाकली, गाडी गाठली आणि पिवळाधमक पराग घेऊन ते परतले. पुडी घामाने ओलावली होती, म्हणून पराग त्यांनी चांदीच्या करंड्यात ओतला, करंडा देवघरातल्या गारव्याला ठेवला आणि ते आंघोळीला गेले.

घरी त्या दिवशी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते.

ते बाहेर येतात तो ओसरीवर पंधरा-वीस सवाष्णी, आणि सगळ्यांच्या कपाळी पराग! कुंकू अजून फिरायचे होते.

"अगं, ती हळद नव्हे!"

"मग काय आहे?" मास्तरांच्या पत्नी गोदावरीबाईंनी विचारले.

मास्तरांनी अंगणातल्या मोहरलेल्या मादीकडे बोट दाखवले. "तो... नवरदेव आहे."

ओसरी खदखदली. शेजारच्या पार्वताबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आमी कवाच्या कपायाले नवरदेव लावून राहिलो, अन् तुमी आता सांगता मास्तर?"

परक्या बायकांच्या कपाळाला हात कसा लावावा? मास्तर कानापर्यंत लाल होऊन खांबाला टेकले. त्यांचा चेहरा पाहून गोदावरीबाईंनी निरांजनाची कोरडी फुलवात उचलली आणि स्वतःचे कपाळ अलगद टिपले. "चला गं! पोरीचं लग्न आहे."

एकेकीने आपापले कपाळ टिपून झाडाच्या मखमली गुच्छावर फुलवात झटकली. करंड्यातला उरलासुरला परागही पडला. कोणीतरी मंगलाष्टक धरले. पार्वताबाईंनी मास्तरांच्याच उपरण्याचा अंतरपाट केला, आणि वर्गात कधी आवाज न चढवणारे मास्तर "सावधान!" म्हणून असे गरजले की रस्त्यावरचा टांगा थांबला.

पौषात गुच्छाभोवती नारिंगी बिया लगडल्या. संक्रांतीला मास्तरांनी त्या सवाष्णींना एकेक बी वाण म्हणून दिले.

पार्वताबाईंनी ते आधी कपाळाला टेकवले. "नातू हाय माहा," त्या म्हणाल्या, "कुंडी मोठी द्याल."