उलटा उतरणारा

भरलेला डंपर घेऊन तो टेकडीवरून नेहमी उलटा उतरायचा. मान पूर्ण मागे वळवलेली, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा सीटच्या कडेला घट्ट, आणि वेग म्हशीच्या चालीचा. कुणी हसलं की म्हणायचा, "वझं चढाकडं पायजे. हसा तुमी."

मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यालाही मी.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. होटगीच्या पुढे माळावर दगडाची खाण होती. टेकडीवर दगड फोडायचा आणि खाली क्रशरवर आणायचा. त्यासाठी मालकानं छोटा डिझेल डंपर घेतला होता. पुढे लोखंडी डबा, मागे ड्रायव्हरची उघडी सीट. दुपारपर्यंत तो चालवायचा, नंतर मी.

मी सरळ तोंडानं उतरायचो, तेही गिअर काढून. त्याच्या चार खेपांत माझ्या सहा व्हायच्या. मुकादम मला स्वतःच्या किटलीतला चहा द्यायचा, त्याला 'नवरी' म्हणायचा. तो खाली थुंकायचा आणि चाकाखालचा दगड तपासायला वाकायचा.

एकदा डंपर माझ्या ताब्यात देताना त्यानं बजावलं, "गेर काडू नगंस. पालथा हुशील." मी म्हणालो, भित्र्यानं ड्रायव्हर होऊ नये. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण चपलेला लागलेल्या शेणाकडे पाहतो.

"तुज्यासाठी न्हाय सांगत," तो म्हणाला. "खाली बाया बसत्यात."

खडी फोडणाऱ्या बाया वळणाखालच्या सावलीत भाकरी खायच्या. सावली तेवढीच होती. त्यांना तिथून उठवा म्हणून तो मुकादमाच्या मागे लागला होता. मुकादमानं ते हसण्यावारी नेलं.

मग तो स्वतःच उठवायला गेला. त्या दुपारी मी भरलेला डबा घेऊन उतरत होतो. वळणाच्या बऱ्याच आधी मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण चाकं मुरमावर घसरतच राहिली. गिअर नव्हताच. तेवढ्यात तो मला दिसला. खालून वर धावत आला आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला. मी डंपर डोंगराच्या अंगाला घातला. मागची चाकं उचलली गेली आणि डब्यातले दगड पुढे सांडले. तो बाजूला झाला, पण एक धोंडा त्याच्या पायावर आदळला. बाकीचे दगड वळणाखाली गेले. रुक्माबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची भाकरी तिथंच फडक्यावर राहिली होती. ती भाकरी दगडांखाली गेली. रुक्माबाई दहा पावलं लांब उभी होती.

तो लंगडत आला आणि सगळ्यांसमोर त्यानं माझ्या कानाखाली मारली.

मुकादमानं मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं, हा मध्ये आला म्हणून मला गाडी घालावी लागली. गाडी माझ्या हातात उरलीच नव्हती, हे मी बोललो नाही. संध्याकाळच्या आत त्याला काढून टाकलं. जाताना तो बायांशी बोलला, माझ्याशी नाही.

त्यानंतर मी उलटा उतरायला लागलो. आठवडाभर मान दुखली. मुकादम मलाही नवरी म्हणाला, आणि प्रत्येक वेळी मी त्या गेलेल्या माणसावर चरफडलो.

तुम्ही म्हणाल, जाऊन भेटायचं होतंस. दोन वर्षांनी मोहोळच्या स्टँडवर तो भेटला, तेही योगायोगानं. तो एसटीत खिडकीशी बसला होता. मी खाली उभा राहून सगळं सांगितलं, अगदी ब्रेकपासून.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "मुकादमाला सांगितलंस का?"

मुकादम रोज माझ्या समोर असायचा. "नाही," मी म्हणालो.

तो उठला, पिशवी उचलली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला. एसटी सुटायला अजून बराच वेळ होता. मी त्या बाजूला गेलो नाही.