मॅनिफोल्डचा राहिलेला नट

माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एका गाडीचा एक नट बसवायचा सोडून दिला होता. तो सव्वीस वर्षं तसाच राहिला. शेड कायमची बंद करायच्या आधी तेवढा नट बसवायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण तो बसवण्यासारखी बोटं आता त्यांच्याजवळ नव्हती.

अप्पांची गाड्या दुरुस्तीची शेड बोरी गावात, जिंतूर रोडला लागून. चार लोखंडी खांब, वर पत्रे, आणि मधोमध खाली उतरून काम करायचा खड्डा. शुगरमुळे दोन वर्षांपासून त्यांची बोटं बधिर झाली आहेत. दिवाळीनंतर एकदा एका ट्रॅक्टरच्या तापलेल्या सायलेन्सरवर त्यांचा हात टेकला आणि त्यांना चटका कळलाच नाही. आधी वास आला. "कुणाचं काय जळायलंय रे?" असं त्यांनीच विचारलं म्हणे. शेजारच्या गॅरेजवाल्यानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. पुढच्या तासाला मी उशिराच गेले. त्यानंतर मी त्यांच्या मागेच लागले, की शेड बंद करा.

"करतो की," ते म्हणायचे. "मालकाची गाडी एकदा येऊन जाऊ दे."

मालक म्हणजे जवळच्याच एका गावचे शेतकरी. अप्पांच्याच वयाचे. त्यांच्याकडे गोल बोनेटची एक जुनी पांढरी मोटार आहे, आणि ती अजून ते स्वतः चालवतात. मूळची ती पेट्रोलची. त्या काळी आमच्या भागात पुष्कळ जण अशा गाड्यांचं पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेलचं टाकून घ्यायचे. मालकांच्या गाडीत ते अप्पांनी टाकलं. इंजिन बसायचे पाय त्यांनी स्वतः कापून, वेल्डिंग करून बनवले. इंजिन बसलं छान, पण जरा उजवीकडे आणि मागे बसलं. त्यामुळे मॅनिफोल्डचा, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या पाइपाचा, सगळ्यात मागचा खालचा नट स्टिअरिंगच्या दांड्याआड गेला. वर दांडा, मागे पत्रा, खाली इंजिनाचा पाय. मधे जागा उरली ती चार बोटांची.

"हा नट पुढं कुणाला तरी काढून लावावा लागंल, हे तवा माझ्या डोक्यातच आलं न्हाई," असं अप्पांनी मला सांगितलं.

तो लावायची पहिली वेळ त्यांच्यावरच आली, आणि नेमकी माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी. माझं केंद्र जिंतूरला होतं. सकाळची एसटी आलीच नाही. मी गणवेशात, हातात कंपासपेटी घेऊन फाट्यावर उभी राहिले, आणि शेवटी रडकुंडीला येऊन शेडवर गेले. अप्पा बोनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले होते. मॅनिफोल्डचे बाकीचे नट आवळून झाले होते, तो एक राहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाना खाली ठेवला, बोनेट आपटून बंद केलं आणि म्हणाले, "बस."

गाडीत बसायची ती माझी पहिली वेळ. सबंध रस्ताभर पुढून टक् टक् टक् असा आवाज येत होता. मला वाटलं, मोटारीचा आवाज असाच असतो. आमच्या घरात दहावीला बसलेली मी पहिली. पुढे एम.एस्सी. झाले, आता परभणीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हे सगळं सांगताना मी नेहमी शाळेच्या सरांचं नाव घेत आले, वसतिगृहाचं घेत आले. त्या गाडीचं कधी घेतलं नाही, कारण मला त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

अप्पा परत आले तेव्हा मालक शेडवर बाकड्यावर बसून वाट बघत होते. इंजिन तापलेलं, आत हात घालायची सोय नाही. थांबा म्हणावं तर का थांबा ते सांगावं लागणार, आणि विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाची गाडी पोरीला सोडायला नेली हेही सांगावं लागणार. अप्पांनी किल्ली त्यांच्या हातात दिली. पुढच्या वेळी गाडी येईल तेव्हा बसवू, असं स्वतःला सांगितलं. त्यानंतर गाडी ब्रेकसाठी आली, क्लचसाठी आली. दर वेळी अप्पा बोनेट उघडायचे आणि तेवढा भाग सोडून बाकी सगळं करायचे.

या मार्चमध्ये मालकांचा फोन आला. गाडीत धूर येतोय, मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय वाटतं. ते फोनवर खोकत होते. अप्पांनी मला लगेच फोन लावला.

"त्यांना लय खोकला झालाय गं. त्या धुरानं असंल का?"

"अप्पा, ते दिवसाला दोन बंडल बिड्या ओढतात."

"ते झालंच. पण धूर बी हायच ना."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. पेपर, एसटी, राहिलेला नट. सांगताना आवाज अगदी साधा होता, किराणा सांगावा तसा. शेवटी म्हणाले, "शेजारच्याचा हात जाईना गेलाय. तुझा जाईल. ऐतवारी येतीस का?"

रविवारी सकाळी मी निघाले. पिशवीत तपासायच्या उत्तरपत्रिका होत्या. एसटीत झरी गावापर्यंत दोन तपासल्या, मग डोळे मिटून बसले. आठवडाभर पर्यवेक्षणात उभी राहून पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं.

शेडवर पोचले तेव्हा जुनं मॅनिफोल्ड काढून झालं होतं. शेजारच्या गॅरेजवाल्यानं मदत केली होती. तडतड्या, तिशीतला माणूस, मनगट माझ्या दुप्पट. "या म्याडम," तो म्हणाला. "मी तुमच्या अप्पाला म्हणलं, हितं मिस्त्री नगं, उंदीर पायजे. तर ते म्हणले, माझी पोरगी येतीय."

"उंदीर एम.एस्सी. हाय," अप्पा म्हणाले. तो हसत हसत त्याच्या कामाला गेला.

मी विचारलं, इंजिनच थोडं वर उचललं तर? अप्पांनी वर बोट दाखवलं. पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी नळीला नुसता आकडा लटकत होता. साखळी-पुली त्यांनी मागच्या वर्षीच देऊन टाकली होती. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून चुन्याची एक रिकामी डबी काढली. तिच्यात एक पितळी नट होता. मॅनिफोल्डला पितळी नट चांगला, गरम होऊन गंजून चिकटत नाही. तो त्यांनी या गाडीसाठी आणून ठेवलेला. कधी आणला ते त्यांना आठवत नव्हतं.

मी हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधल्या आणि हात आत घातला. तळहात उलटा करून, दांड्याच्या खालून, मग वर. चार बोटं पोचली. इंजिनात रोवलेला आट्यांचा दांडा, ज्याला स्टड म्हणतात, तो बोटांना लागला. काजळी आणि गंज यांनी आटे पार भरून गेले होते. अप्पांनी एका जुन्या नटाला करवतीनं खाच पाडून दिली. तो खाचेचा नट स्टडवर फिरवत नेला की आट्यांतली घाण निघते. एक फेरा पुढे, अर्धा मागे, डिझेलची चिंधी, परत. यातच दीड तास गेला. मला काही दिसत नव्हतं. अप्पांना दिसत नव्हतं आणि कळतही नव्हतं. मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं.

"खरखर लागतंय."

"बारीक का मोठी?"

"बारीक. वाळूसारखी."

"मग अजून एकदा."

इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये दबून बसणारं नवं पॅकिंग आणि त्यावर मॅनिफोल्ड चढवून आम्ही बाकीचे नट हातानं लावून घेतले. मग पितळी नट. अप्पांनी माझ्या बोटाच्या टोकाला ग्रीस लावलं आणि नट त्यावर चिकटवला. तो पहिल्याच वेळी पडला. ठण् असा एक आवाज झाला, आणि मग काहीच नाही.

काठीला बांधलेलं लोहचुंबक मी सगळीकडे फिरवलं, मग आठवलं की पितळ चुंबकाला लागत नाही. रसायनशास्त्राच्या बाईंना हे आठवायला पाच मिनिटं लागली. मी खड्ड्यात उतरले. तिथं जुन्या ऑइलचा वास आणि भुसा. नट खाली आला नव्हता, वरच कुठंतरी इंजिनाच्या पायात अडकला होता. पोत्यावर उताणी पडून मी बोटांनी चाचपत राहिले, आणि डोळ्यांत माती पडत राहिली.

वरून अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. लोखंडी लावू."

त्यांना लोखंडी चालणार नव्हता, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. नट सापडला तेव्हा दुपार कलली होती आणि आमच्यापैकी कुणालाही आनंद वगैरे झाला नाही. मी फक्त म्हणाले, "आहे." ते म्हणाले, "ये वर."

दुसऱ्या वेळी त्यांनी मला शिकवलं. "टेकव. आता सरळ फिरवू नगं. आधी उलटा फिरव, हळू. एका जागी टुक् करून खाली बसल्यासारखं लागंल. तिथून सुलटा."

मी उलटा फिरवत गेले. टुक्. इतकं छोटं की माझ्या मनाचा भास वाटावा. तिथून सुलटा फिरवला आणि नट आट्यांवर चढला. हे त्यांच्या बोटांना चाळीस वर्षं माहीत होतं. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवलं नाही.

मग आवळणं. मॅनिफोल्ड मधून कडेला आवळत जायचं असतं, म्हणजे हा नट शेवटचा. त्यासाठी अप्पांनी एक रिंग पाना अर्धा कापून, तापवून वाकवला होता. एका वेळी तो जेमतेम करंगळीच्या पेरभर फिरायचा. काढायचा, परत लावायचा, परत पेरभर. माझं मनगट स्टिअरिंगच्या दांड्याला घासून सोललं. दंडात गोळे यायला लागले. अप्पा माझ्या मागे उभे होते, त्यांनी तळहात माझ्या खांद्यावर ठेवला होता.

"पहिल्यांदा मऊ जाईल. मग पॅकिंग दबायलंय असं लागंल. मग पाना थांबंल."

थोड्या वेळानं मी म्हणाले, "थांबला."

त्यांनी खांद्यावरचा तळहात जरा दाबून पाहिला. मग म्हणाले, "न्हाई. खांदा वर गेलाय तुझा. पाना न्हाई थांबला, तू थकलीस. हात काढ, बस जरा."

मी बसले. त्यांनी तांब्यातून पाणी दिलं. पाणी पिताना मला वर्गातली मुलं आठवली. 'समजलं का?' म्हटलं की बाकावर मागं रेलून 'हो' म्हणणारी. कुणाचा खांदा वर गेलाय हे मी कधी पाहिलं नव्हतं.

पुन्हा हात घातला. अजून चार पेरं गेला. आणि मग खरंच थांबला. त्या थांबण्यात आणि आधीच्या थांबण्यात फरक होता. अप्पा लगेच म्हणाले, "आता. आता अजून नखभर, आन् सोड."

मालक चारच्या सुमारास आले. गाडी सुरू केली. थंड इंजिनालाच तो टक् टक् आवाज जास्त यायचा, म्हणून अप्पा बोनेटवर कान लावून उभे होते. आवाज नव्हता. नुसती डिझेलची एकसारखी घरघर.

मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मिस्त्री, काय केलंव हो? ही माझी गाडी वाटंना गेली."

अप्पांनी सांगितलं. बाकड्याच्या कडेला हात धरून, उभ्यानंच सांगितलं. नट कसा राहिला, गाडी न विचारता जिंतूरला कशी नेली. "माझी चूक व्हती मालक. तो आवाज माझ्या चुकीचा व्हता. धूर बी."

मालक माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडाला ऑइल, कपड्यांना माती.

"ही का ती पोरगी? पेपरवाली?"

"हीच."

"पास झाली का?"

"झाली ना," अप्पा म्हणाले. "आता तीच पेपर तपासायलीय."

"मग झालं तर." त्यांनी बिडी पेटवली, खोकले, आणि चिडल्यासारखे म्हणाले, "पण माझी पंचाईत केलीत तुमी. आमच्या गावच्या वळणावर आवाज आला की घरी चहा ठिवतेत. सून म्हणती, मामंजीची गाडी घड्याळापरीस बरी. आता जाऊन बसावं लागंल वाट बघत."

"फोन करा," मी म्हणाले.

"हां. आता चहाला बी फोन करायचा," असं म्हणत ते गाडीत बसले.

गाडी रस्त्याला लागली. मी हत्यारं पुसायला घेतली. हात सुजला होता, बांगड्या चढेनात, म्हणून रुमाल तसाच पिशवीत टाकला. अप्पा शेडच्या खांबाला टेकून रस्त्याकडे कान देऊन उभे होते. पुढचं वळण शेडवरून दिसत नाही. इतकी वर्षं ती गाडी वळणापर्यंत जाताना त्यांना ऐकू यायची.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच गेली."

ते खांबापासून बाजूला झाले. मग चुन्याची रिकामी डबी खिशातून काढून त्यांनी खिळ्यांच्या डब्यात टाकली.

"चल," ते म्हणाले, "फाट्यावर जाऊन बसू. तुझी एसटी हुकंल."