पवनारच्या नत्थूची एलिझाबाई

पवनारचा नत्थू बासष्ट वर्षांचा आहे आणि त्याने उभ्या जन्मात मिशी ठेवली नाही. ठेवणार कशी? खडी गंमतीच्या, म्हणजे इकडच्या तमाशाच्या, पथकात तो नाच्या. म्हणजे गोष्टीत बाई असली की ती नत्थूच. लाजणं त्याच्याकडे, रडणं त्याच्याकडे, पदर खोचून भांडणं तर खास त्याच्याकडे. एरवी धाम नदीच्या काठी वांगी लावतो आणि बसने वर्ध्याला नेऊन विकतो. लग्नाचं म्हणाल तर दोनदा जमत आलं होतं. दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी त्याला लुगड्यात नाचताना पाहिलं आणि गोष्ट तिथंच संपली. नत्थू हे हसतहसत सांगतो, पण सांगताना समोरच्याकडे पाहत नाही.

पथकाला आता वर्षाकाठी एकच कार्यक्रम उरला होता. सेलूकडच्या एका गावी दिवाळीनंतर मंडई भरते, भरदुपारी, जत्रेसारखी, तिथला. मंडईचा अध्यक्ष महादेवराव, किराणा दुकानवाला. यंदा त्याने फोनवर आधीच दम भरला, "नत्थू, नवी गोष्ट आणजो. तेच तेच दाखवशीन तं पुढच्या साली डीजे सांगतो मी."

नत्थूने फोन ठेवला. पथक बसलं की आपण नुसते वांगीवाले उरलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो तडक नालवाडीला भाचीकडे गेला. मयुरी कॉलेजात इतिहास शिकवते. म्हणाली, "मामा, एलिझाबेथ राणी चालन का? चारशे वर्सं झाले तिले."

"म्हातारी असन तं उत्तम," नत्थू म्हणाला. "माया कमरेले झेपन."

मयुरीने भाजी निवडतानिवडता गोष्ट सांगितली. बापाने पोपला रामराम ठोकला, नवा प्रोटेस्टंट पंथ धरला, सहा बायका केल्या, आणि एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा तिच्या आईचं मुंडकं उडवलं. पुढे थोरली सावत्र बहीण गादीवर आली. ती पोपकडची. तिने हिला कैदेत टाकलं.

"धर्मापायी सख्ख्या घरात कैद?" नत्थूने विचारलं.

"व्हय."

"मंग त्यात नवल काय! आपल्या आज्यानं छप्पनमधी दीक्षा घेतली तवा त्याच्या सासऱ्यानं दोन साल दार उघडलं नाई. म्हणजे बाई आपल्यातलीच म्हनाची."

मग ती बहीण मेली, ही गादीवर आली, हिला देवी निघाल्या, केस गेले, तर राणी लाल टोप घाली आणि चेहऱ्याला पांढरा शिशाचा लेप फासे. हे ऐकून नत्थू उठूनच बसला. नाच्ये तोंडाला मुर्दाडशिंग फासतात, तेही शिशाचंच. "अव माय! ही तं आमच्या धंद्यातली निंगाली," तो म्हणाला, आणि तिथून राणी त्याच्या अंगात आली ती आलीच.

तयारी पाहायची होती तुम्ही! अंबाडीच्या वाखाला मेंदी लावून टोप केला. राणीच्या गळ्याभोवती झालर असते म्हणे, तर नाश्त्याच्या कागदी प्लेटा दोऱ्यात ओवून गळ्यात बांधल्या. पथकातला डफवाला चिंधू राणीला मागणी घालणारा स्पेनचा राजा झाला.

मंडईच्या दिवशी महादेवराव पडद्यामागे आला. गोष्ट ऐकली, खूश झाला. मग विचारलं, "लग्न कोनासंग लावता?"

"ते लग्न करतच नाई," नत्थू म्हणाला.

"काऊन नाई? अबे, आमच्या गावची रीत माईत नाई काय तुले? शेवटाले लग्न लागते, बायामाणसं अक्षता घेऊन बसतात. लग्नाबिगर गोष्ट म्हणजे अपशकुन. चिंधूसंग लावून टाक आन् मोकळा हो. नाईतर पुढच्या साली येऊ नोको."

नत्थूने मान डोलावली. दुसरं करणार काय होता बिचारा!

पथकाने आधी बुद्धवंदना घेतली, मग डफ कडाडला आणि राणी आली. गळ्यातल्या प्लेटा पाहून लोक हसून लोळले. स्पेनचा राजा राणीला पाहायला आला. राणीने त्याच्याच हाती चहाचा ट्रे दिला आणि म्हणाली, "तुमी आना, मी बसतो. राज्य मायं हाय." बाया तर टाळ्या पिटूनपिटून थकल्या. मग रुसलेला राजा जहाजं घेऊन चालून आला. चिंधूची छत्री झाली जहाज आणि डफ झाला तुफान. छत्री उलटी होऊन काड्या बाहेर आल्या, त्या खरोखरच मोडल्या, पण वाहवा मिळाली. राणी फौजेपुढे गरजली, "अंगानं मी बाई हाय, पन काळीज राजाचं हाय!" मागून कोणी ओरडलं, "अंगाचं राहू दे, नत्थूभाऊ!" तर राणीही हसली.

गोष्ट शेवटाला आली. राणी म्हातारी झाली. लोकांनी मुठीत तांदूळ घेतले. "लावा लग्न! लावा लग्न!" चिंधूने ठरल्याप्रमाणे हार पुढे केला. महादेवराव खुर्चीवरून खुणावत होता. चाळीस वर्षं नत्थू असाच दर साली नवरी झाला होता, मान वाकवून हार घेतला होता, आणि रंग पुसून एकटा घरी गेला होता. आज मान वाकेना.

"नाई करत मी लग्न," राणी म्हणाली. "मायं लग्न झालं हाय. ह्या रयतेसंग झालं. तुमी समोर बसता, हासता, रडता, तोच माया संसार. दुसरा मले भेटला नाई आन् आता पाह्यजे बी नाई."

चिंधूचा हार हातातच राहिला. महादेवराव ताडकन उभा राहिला. नत्थूला कळलं की पुढची मंडई गेली, पथकही गेलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून महादेवरावाची आई बोलली. अनुसयाबाई, ऐंशीच्या पुढची. "असं कसं वो बाई? लेकरू नाई, बाळ नाई. मरताना तुया तोंडात पानी कोन घालन?"

राणीचा शेवट कसा झाला ते मयुरीने नत्थूला सांगितलं होतं. राणी शेवटी पलंगावर निजायलाच तयार नव्हती, चार दिवस गाद्यांवर टेकून बसून राहिली, तोंडातून शब्द काढेना. ते बोलायचं ठरलं होतं. पण बोलणार कसा? म्हातारी राणीला विचारत होती आणि प्रश्न नत्थूलाच लागला होता.  डोळ्यातून एक धार रंगावरून खाली उतरली.

"माईत नाई मले," तो म्हणाला. आवाज राणीचा नव्हता.

अनुसयाबाई काठी टेकत उठली. खुर्चीखालचा आपला पाण्याचा गडू उचलला आणि तिघींना बाजूला सारत मंचाशी गेली. ह्याच म्हातारीच्या सासऱ्याच्या ओट्याखाली नत्थूचा बाप डफ वाजवून थकला की ओंजळ धरून बसायचा आणि वरून, लांबून, पाणी ओतलं जायचं. हे तिलाही माहीत होतं आणि नत्थूलाही. तिने गडू त्याच्या ओठाला लावला आणि दुसरा हात त्याच्या मानेमागे धरला. कागदाच्या प्लेटा चुरगळल्या.

"मी घालतो," ती म्हणाली. "पे."

नत्थू घटाघटा प्यायला. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. सगळेच एकदम बोलायला लागले. महादेवराव माइकपाशी गेला, दोनदा खाकरला, आणि म्हणाला, "लग्न राह्यलं तं राह्यलं. पुढच्या साली बी हेच पथक येईन."

"मरू नोको वो राणी!" बाया ओरडल्या.

खरं तर मरायचा प्रसंग बाकी होता, चिंधूने गाद्या आणून टाकल्याही होत्या. नत्थूने गाद्यांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि चिंधूला म्हणाला, "डफ वाजव बे." मंडई उठेपर्यंत इंग्लंडची राणी त्या गावात नाचत होती.