प्रतीक्षाचा खांदा

फायनल चारला आहे. मुक्कामाच्या शाळेत माझ्या टीमच्या पोरी शेजारच्या वर्गात पडल्या आहेत. मीही सतरंजीवर आडवा होतो. डोळा लागतो न लागतो तोच आकाराम मगदूम उशाशी येऊन बसतो. हा टीममधल्या प्रतीक्षाचा बाप. आम्ही गावाकडून व्हॉलीबॉल खेळायचो तेव्हा तो बॉल उचलून द्यायचा आणि मी मारायचो. तो जाऊन दोन वर्षं झाली, तरी चपला वर्गाबाहेर काढून आलाय.

"सर्ज्या, ऊठ. उचलून देतो, मार."

आम्ही त्याच्या अंगणात उभे आहोत. नेटच्या जागी कपड्यांची तार आहे आणि तारेवर प्रतीक्षाची जर्सी वाळतेय.

"टीम कशी बांधलीस?" तो विचारतो.

बोलायला माझं काय जातंय? सहाही जणींना मारता आलं पाहिजे, बॉल कुणाकडे जाणार याचा समोरच्यांना पत्ता लागता कामा नये, ब्लॉकला दोघींनी एकदम उडायचं. आकाराम सगळं ऐकून घेतो.

"आणि अडलं की बॉल कुणाला?"

"प्रतीक्षाला."

"न्हाई अडलं तर?"

मी जर्सीकडे बघतो. "तिलाच."

"खांदा कसा हाय तिचा?"

"बरा आहे."

मेलेल्या माणसाशीसुद्धा मी खोटं बोलतो. सकाळी तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, दुसरीनं घालून दिली. मी ते बघितलं आणि दुखण्यावरची गोळी तिच्यापुढे धरली. कप हवाय ना मला! लाज वाटते स्वतःची.

आकाराम बॉल उचलून देतो, पूर्वीसारखाच नेमका. मी उडी मारतो, पण हात वर जात नाही. बॉल खाली पडतो. तो पुन्हा देतो, पुन्हा पडतो.

"मार की रं," तो हळूच म्हणतो. "गोळी दिऊ?"

मी दचकून उठतो. उजवा हात अंगाखाली सापडून बधिर झालाय. तसाच शेजारच्या वर्गात जातो. प्रतीक्षा एकटीच जागी आहे, एका हातानं खांद्याला पट्टी गुंडाळतेय.

"सर, दुसरी गोळी आत्ता घिऊ, का मॅच सुरू होताना?"

डाव्या हातानं मी तिची पट्टी काढून घेतो. "तू आज खेळायचं नाहीस. चुकलं माझं, पोरी."

ती घाबरून बघत राहते. "मग बॉल मारायचा कुणी, सर?"

आवाजानं बाकीच्या उठून बसतात. त्यांना मी वर्षभर फक्त प्रतीक्षाला बॉल द्यायला शिकवलंय. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात. मी हात झटकतो, चोळतो. तो अजून खांद्याच्या वर जात नाही.