वन्संनी आत शिरून पाहिलेला तंबू

माझे यजमान गेल्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीचं आणि माझं येणं-जाणं वाढलं. मी त्यांना वन्सं म्हणते. मी रोह्याजवळ अष्टमी गावात राहते, त्या तेव्हा पेणला असायच्या. आई लवकर वारल्यामुळे धाकट्या भावंडांना त्यांनीच वाढवलं आणि त्यात त्यांचं लग्न राहून गेलं. पेणच्या एका कारखान्यात त्या गणपती रंगवायच्या. मूर्ती रवाना झाल्या की हात मोकळे व्हायचे, मग माझ्याकडे राहायला यायच्या.

एका वर्षी दसऱ्यानंतर मी त्यांना आणायला गेले, तर म्हणाल्या, मला एकदा समुद्रावर तंबूत झोपायचंय. कारखान्यातल्या मुलींनी मोबाइलवर फोटो दाखवले होते. तंबू तिथे भाड्याने मिळतात, असं मी सांगितलं. पण कोण कोण झोपून गेलेलं असेल त्यात, म्हणून त्यांना ते नको होतं.

पेणच्या बाजारात रेनकोट आणि ताडपत्र्या विकणाऱ्या एका दुकानात दोन तंबू निघाले. दुकानदाराने दोन्ही उभे करून दाखवले. स्वस्तातला निळा, पातळ कापडाचा, ठेंगणा. जोराच्या वाऱ्यात टिकेल असं काही सांगवत नाही, हे त्यानेच कबूल केलं. दुसरा दुहेरी कापडाचा, जाळीच्या खिडक्यांचा, दणकट काठ्यांचा. त्याची किंमत ऐकून आम्ही दोघीही पुन्हा निळ्याकडे वळलो.

"येवढा म्हाग कशाला गो? निळाच घे," वन्सं म्हणाल्या.

मलाही ते पटलं. दुकानदार निळा तंबू मिटायला लागला. तेवढ्यात वन्संनी चपला काढल्या आणि नुसता बघते म्हणत दुसऱ्या तंबूत शिरल्या. आतून चेन ओढल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. त्यांचे गुडघे दुखायचे, उठता येत नसेल असं वाटून मी चेन उघडून आत गेले. त्या उताण्या पडल्या होत्या, डोळे मिटलेले. बरं वाटत नाही का, असं मी विचारलं.

"बरं हाय गो. हितं कुणी हाक मारत नाय."

मी त्यांच्याशेजारी बसले. लग्न होऊन आल्यापासून मी सासरच्या घरात दिवसभर त्यांच्याच नावाचा पुकारा ऐकला होता. कुणाला चहा हवा असे, कुणाचा टॉवेल सापडत नसे. बाहेर येऊन मी दुकानदाराला हाच द्या म्हणून सांगितलं. वन्सं आतून नको नको म्हणत राहिल्या, पण लवकर बाहेर काही आल्या नाहीत.

दिवाळी झाल्यावर वडखळवरून आम्ही किहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. ओळखीच्यांच्या वाडीला लागून सुरूच्या झाडांखाली जागा मिळाली. तंबू चांगला असला तरी उभा करताना त्याने आमचा घाम काढला. खुंट्या भुसभुशीत वाळूत धरेनात. शेवटी डब्यांच्या पिशव्या रिकाम्या करून त्यांत वाळू भरली आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. वन्सं इतक्या हसत होत्या की त्यांना गाठ मारता येईना.

संध्याकाळी वारा चढला. कापड फडफडलं, पण तंबू जागचा हलला नाही. दाराशी बसून आम्ही भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. खाता खाता वन्सं एकदम म्हणाल्या, "तुझा नवरा ल्हानपनी समुद्राला भ्यायचा. माझ्या कंबरेला मिठी मारून उभा ऱ्हायचा."

भाऊ गेल्यापासून त्यांनी त्याचा विषय काढला नव्हता. आणि हे भित्रे होते, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, अजून सांगा. मग त्या सांगत गेल्या. मधेच दोघी हसायचो, मधेच त्या पदराने डोळे टिपायच्या.

त्या तंबूत आम्ही पुढेही बरीच वर्षं जाऊन राहिलो. आता वन्संना वाकून तंबूत शिरवत नाही. त्या कायमच्या माझ्याकडे आल्या आहेत. संध्याकाळी आम्ही कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत हळूहळू चालत जातो आणि उजेड असेपर्यंत परत येतो.