घरचं काजळ

आमच्या चाळीत कोणाचंही मूल जन्मलं की काजळ कमळाबाईच्या हातचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी धरायची आणि जमलेली काजळी तुपात खलायची. नवऱ्याच्या, म्हणजे सुकदेवभाऊंच्या, नव्या सायकललाही तिने काळा ठिपका लावला होता! नजर लागण्याची तिला भारी धास्ती.

त्यांच्या लेकीला, सोनीला, जाड भिंगांचा चष्मा. त्यापायी दोन स्थळं मोडली. मला अजून त्या लोकांचा संताप येतो. शेवटी शहाण्णव साली, सायली गावच्या सूत कारखान्यात सुपरवायझर असलेल्या सुकदेवभाऊंनी लेकीला लेझरसाठी मुंबईला नेलं. आधी उजवा डोळा करायचं ठरलं. डॉक्टरांनी बुबुळावरचा पातळ पापुद्रा खरवडून काढला आणि मग लेझर मारलं. पापुद्रा चार-पाच दिवसांत आपोआप भरून येईल, तोवर औषधाच्या थेंबांशिवाय डोळ्यात काही घालू नका, असं त्यांनी बजावलं.

सोनी सिल्वासाला, आमच्या चाळीत परतली. डोळ्याची नुसती आग होत होती. त्यात चाळीतल्या बाया बघायला लोटल्या. "चष्म्याबिगर काय गोड दिसते पोर!" कमळाबाईला वाटलं, आता नजर लागणार! बाया गेल्या तशी तिने काजळाची डबी उघडली.

"माय, डॉक्टरनी ना सांगितलंय."

"घरचं आहे बेटा. थंडावा मिळीन."

दोन दिवसांत बुबुळावर पांढरं धरलं. मुंबईत डॉक्टर कडाडले, "काजळ कोणी घातलं?" कमळाबाईने लेकीकडे पाहिलं.

"मीच," सोनी म्हणाली.

तो डोळा गेला. दुसऱ्याचं लेझर राहिलंच आणि चष्मा पुन्हा नाकावर आला. सुकदेवभाऊ उठता-बसता पोरीला टोचायचे, "नटायचं सुचलं हिला!" कमळाबाई स्टोव्हकडे तोंड करून ऐकायची. त्यानंतर तिने कोणाच्याच बाळासाठी काजळ धरलं नाही.

तीन वर्षांनी दादऱ्याच्या जयवंतने सोनीला आहे तशी पसंत केली. लग्नाच्या सकाळी नवरीला काजळ घालायला आईला बोलावलं, तर ती दाराआड दडलेली. सोनीने स्वतः डबी नेऊन तिच्या हातात दिली आणि चष्मा काढून उजवा डोळा पुढे केला.

"याला लाव, माय. याला आता काही होणार नाही."

कमळाबाईने हंबरडा फोडला. "तवाबी मीच लावलं होतं हो!"

सुकदेवभाऊ हातातला फेटा तसाच धरून लेकीसमोर आले. सोनीने तो फेटा घेतला आणि त्यांच्या डोक्याला बांधू लागली.